तिनं पाय का उचलला? एका प्री-वेडिंग अल्बमची चिकित्सा

नेट-सेट झाली, पेटही झाली, आता सिनॉप्सिसमध्ये 'संशोधन पद्धती' या मथळ्याखाली काय लिहायचं, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडलेला असतो. त्यातल्या बऱ्याच जणांना फोटोंवर काम करायचं असतं. लग्नाचे अल्बम, जुने स्टुडिओ, इन्स्टाग्राम. विषय चांगलाच आहे. साहित्य हाताशी आहे, प्रवासखर्च नाही, ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. फोटो समोर ठेवायचा आणि वाचायचा.

माझंही असंच झालं होतं. एका प्री-वेडिंग अल्बमवर मी अख्खं प्रकरण लिहिलं आणि ते बरंचसं चुकलं. कसं चुकलं ते आज सांगते. लेखात फोटो एकही नाही. का नाही, ते पुढे येईल.

आधी अल्बमबद्दल. छत्तीस फोटो, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर काढलेले. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागे कृष्णेवर उतरणारा हा घाट तुम्ही प्रत्यक्ष पाहिला नसला तरी पडद्यावर पाहिला असेल. 'स्वदेस'चं (२००४) चित्रीकरण इथलं आहे. मुलगा-मुलगीचा साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते, त्याआधी भेटी चार, त्याही घरच्यांसमोर. फोटोग्राफर आमच्या गावचा. लग्न, बारसं, साठीशांत यांत त्याची पंधरा-एक वर्षं गेलेली, पण सगळं कार्यालयाच्या छताखाली. जोडप्याला उघड्यावर नेऊन फोटो काढायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याचा मदतनीस ऐनवेळी आला नाही, म्हणून रिफ्लेक्टर धरायला मी गेले. मला क्षेत्रकार्य हवं होतं, दादाला दोन हात हवे होते.

आधी सिद्धांत, मग फोटो

या फोटोंना भिडण्याआधी मी तीन पुस्तकं वाचली होती. तुम्हालाही ती वाचावी लागतील, म्हणून थोडक्यात सांगते.

पिएर बूर्द्यू आणि त्याच्या सहकाऱ्यांचं सामान्य माणसाच्या फोटोग्राफीवरचं पुस्तक १९६५चं. फ्रान्समधल्या बेआर्न भागातल्या शेतकऱ्यांनी लग्नाचा फोटो सहज स्वीकारला, कारण आप्तांना एकत्र आणणं हे जे लग्नाचं काम, तेच फोटोचंही होतं, असं तिथं दिसतं. म्हणजे समारंभ आधी, फोटो त्याची खूण. प्री-वेडिंगमध्ये हा क्रम उलटतो. इथं समारंभ नाहीच. फोटो काढणं हाच समारंभ.

क्रिस्टोफर पिनी यांचं 'कॅमेरा इंडिका' (१९९७) मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंबद्दल आहे. रंगवलेले पडदे, डबल रोलचे फोटो, नटून-थटून दुसऱ्याच कुणाच्या रूपात उभी राहिलेली माणसं. फोटोनं आपलं 'खरं अंतरंग' पकडावं अशी तिथल्या गिऱ्हाइकाची अपेक्षा नसते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडेही पाहा. स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा तर साडी, शेजारी स्टूल, स्टुलावर फुलदाणी. त्या फोटोत मुलगी 'खरी' दिसते की नाही असा प्रश्न कुणी विचारत नसे. घाटावर जाऊन काढला म्हणून पडदा संपला असं समजू नका. सिनेमानं आधीच वापरलेला घाट हाही रंगवलेलाच पडदा, फक्त दगडाचा.

तिसरं आर्व्हिंग गॉफमन यांचं 'जेंडर अॅडव्हर्टाइजमेंट्स' (१९७९). जाहिरातींतल्या बायका कशा उभ्या असतात, हात कुठे असतो, नजर कुठे असते, यांची त्यांनी वर्गवारी केली. त्यातली एक नोंद गुडघ्याची आहे. बाई एक गुडघा दुमडून, तोल किंचित घालवून उभी असते. जणू दोन्ही पायांवर घट्ट उभं राहायची जबाबदारी तिची नाहीच. नजर खाली किंवा दुसरीकडे, हे आणखी एक लक्षण.

ही यादी खिशात घालून मी अल्बम उघडला आणि सगळं सापडत गेलं. निम्म्याहून जास्त फोटोंत तो तिच्याकडे पाहतोय आणि तिची नजर खाली. बाविसाव्या फोटोत तर गुडघाच होता. ती त्याच्या दंडाला धरून रेललेली, एक पाय जमिनीवरून उचललेला, आणि हसतेय. मी लिहिलं, 'अधीनतेचं विधिरूप'. विभागातल्या चर्चासत्रात चेहरे झाकून तो फोटो दाखवला. लोकांनी माना डोलावल्या.

गाइडचा प्रश्न

चर्चासत्र संपल्यावर गाइडनी एकच विचारलं, "तिची परवानगी घेतलीस?"

मी म्हटलं, हो, घेतलीय. मग माझ्याच लक्षात आलं, मी त्याला विचारलं होतं. बुकिंग त्याच्या नावावर, नंबर त्याचा, फोटो त्याच्याच फोनवर आलेले. तो "बिनधास्त वापरा" म्हणाला आणि मी दोघांचा होकार धरून चालले. आता बघा, बाईला दुय्यम स्थान कसं दिलं जातं यावर मी पंधरा पानं लिहिली, आणि तिच्या फोटोसाठी तिच्या होणाऱ्या नवऱ्याची संमती मला पुरली. हे फॉर्मवरची सही राहून गेल्यासारखं किरकोळ नव्हतं. माझ्या वाचनातच ती कुठे नव्हती.

तिचा नंबर मिळवला, फोन केला. लग्न होऊन दोन महिने झाले होते. मी सगळं सांगितलं, बाविसाव्या फोटोचंही. ती हसायलाच लागली.

"ताई, पाय भाजत होता हो! एप्रिलमधला तो दगड. दादांनी सँडल काढायला लावले होते ना."

जे माझ्यासमोर घडलं होतं

मी स्वतः तिथं हजर होते. तरी हे मला आठवलं नाही, कारण मी फोटो वाचत होते, दुपार आठवत नव्हते. मग डायरी काढली आणि अल्बम पुन्हा लावला, या वेळी शूटच्या क्रमानं.

चार वाजता आम्ही घाटावर पोचलो. दादाची पहिली अडचण उजेडाची होती. कार्यालयात उजेड त्याच्या हातात असतो; फ्लॅश छताकडे वळवला की काम झालं. इथं सूर्य पश्चिमेला, पायऱ्या काळ्या दगडाच्या. हलक्या रंगाची फरशी असती तर तिच्यावरून थोडा उजेड चेहऱ्यावर परत आला असता. काळा दगड तो पिऊन टाकतो. सूर्य पाठीमागे घेतला की केसांना सोनेरी कड येते, पण चेहरे काळवंडतात. म्हणून समोरून रिफ्लेक्टर. आणि रिफ्लेक्टर म्हणजे दुसरा सूर्यच, तोही खालून. मी तो नीट धरला की तिचे डोळे दिपत, आणि ती खाली पाही.

म्हणजे ज्या खाली झुकलेल्या नजरांची मी नोंद केली होती, त्यातल्या कितीतरी माझ्याच हातांनी घडवल्या होत्या! त्यानं गॉगल घातला होता.

पोझेस दादानं फोनवर स्क्रीनशॉट घेऊन आणल्या होत्या. कपाळाला कपाळ, पाठमोरं हात धरून चालणं, तिची फिरकी, त्यानं तिला उचलणं. दादा ८५ एमएमची लेन्स लावून सहा-सात मीटर लांब उभा, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागे. "जवळ या. अजून. भाऊ, हात कमरेवर!" चार वेळा भेटलेल्या दोन माणसांना तिसरा माणूस लांबून ओरडून सांगतोय की हात कुठे ठेवायचा. यातलं अल्बममध्ये काही ऐकू येत नाही.

तिचा धाकटा भाऊ सोबत आला होता. घरच्यांनी पाठवला होता. तो पायऱ्यांवर मागे बसून होता, त्यामुळे बऱ्याच फोटोंत तो आहे. पण छिद्र मोठं ठेवल्यामुळे मागचं सगळं धूसर झालंय, आणि तो एक निळसर डाग. जिथं डागही नको होता तिथून दादानं त्याला कापून काढलं. जोडप्याच्या एकांताचे हे फोटो. प्रत्यक्षात तिथं दोघं नव्हते, पाच जण होतो.

साडीचा गाऊन गाडीत झाला. दाराला ओढणी लावून मी बाहेर उभी. वीस मिनिटं गेली. त्यानं शर्ट घाटावरच बदलला.

मग गॉफमन चुकले का?

इथं घाई करू नका. फोन ठेवल्यावर माझा पहिला विचार होता, प्रकरण फाडून टाकावं. सिद्धांत खोटा, दगड खरा. पण तो बाविसावा फोटो मी परत पाहिला. ती अनवाणी होती, पण तो? त्याच्या पायात बूट होते.

दादानं सँडल फक्त तिला काढायला लावले होते. पैंजण दिसायला हवेत म्हणून. एकाच तापलेल्या पायरीवर दोघं उभे, भाजणारा पाय एकीचाच. म्हणजे स्त्री-पुरुष भेद फोटोत होता, पण मी जिथं पाहिला तिथं नव्हता. तो दुमडलेल्या गुडघ्यात नव्हता, पायताणात होता. वीस मिनिटं आणि ओढणीत होता. कुणाच्या डोळ्यांवर गॉगल आणि कुणाच्या डोळ्यांत रिफ्लेक्टर, यात होता. बूट फोटोत अगदी स्वच्छ दिसतायत. मला ते दिसले नाहीत, कारण माझ्या यादीत गुडघा होता, बूट नव्हता.

गॉफमन यांच्यासमोर जाहिराती होत्या. जाहिरातीतली मॉडेल ठरवलेली पोझ देते. तिथं गुडघा दुमडलेला असेल तर तो कुणीतरी दुमडायला सांगितलेला असतो. आपल्या अल्बमात सांगितलेलं आणि घडलेलं यांची सरमिसळ असते. ती वेगळी केल्याशिवाय तीच वर्गवारी इथं लावली की असा घोटाळा होतो.

दहा मिनिटं

फोनवर ती आणखी एक बोलली. मी विचारलं होतं, त्या दुपारचं काय आठवतं? मला वाटलं, पोझचा संकोच सांगेल. ती म्हणाली, बॅटरी.

साडेपाचच्या सुमारास कॅमेऱ्याची बॅटरी संपली. दादा दुसरी आणायला गाडीकडे गेला, मी त्याच्या मागे, भाऊ चहा सांगायला. माझ्या डायरीत नोंद आहे, 'बॅटरी. १० मि. वाया.' ती म्हणाली, "तेव्हाच आम्ही पहिल्यांदा एकटे बोललो. मी नोकरीचं विचारलं. लग्नानंतर सोडायची का ते." पुढे? "ते काय म्हणाले ते मात्र तुमच्या थिसिसमध्ये नको, ताई."

प्री-वेडिंगवर आपल्याकडे दोन बाजूंनी बोललं जातं. काही समाजांच्या बैठकांत त्यावर बंदीचे ठराव होतात. संस्कृती, खर्च, कार्यालयातल्या एलईडी पडद्यावरचं प्रदर्शन. दुसरीकडे आपण अभ्यासक, हे सगळं बाजाराचं आणि बेगडी म्हणून मोकळे होतो. दोघंही अल्बमच पाहतात. अल्बम बेगडी आहे हे मलाही मान्य आहे. छत्तीसपैकी तीस फोटोंत माणसं बदलली तरी काही बिघडणार नाही. पण तिच्या घरात होणाऱ्या नवऱ्याबरोबर दोन तास बाहेर जायला मिळण्याचं दुसरं सबळ कारण नव्हतं. फोटोंच्या निमित्तानं परवानगी मिळाली, आणि कॅमेरा बंद पडल्यावर बोलणं झालं. त्या बोलण्याचा फोटो नाही. प्रदर्शन नको म्हणताना ही परवानगीही जाते, याचा विचार ठराव करणारे करत नाहीत. आणि सगळं बेगडी म्हणताना मला ते दहा मिनिटं 'वाया' वाटले होते.

तुमच्यासाठी

फोटोंवर काम करणार असाल तर विश्लेषणाआधी प्रत्येक फोटोला साधे प्रश्न विचारा. उजेड कुठून होता आणि तो कुणाच्या डोळ्यांवर होता? काय करायला सांगितलं होतं, काय आपोआप झालं? चौकटीबाहेर कोण होतं? कपडे कुठे बदलले? कुणाच्या पायात काय होतं? यातलं काही फोटोतून कळेल, बाकीचं विचारावं लागेल. आणि विचाराल तेव्हा फोटोतल्या प्रत्येकाला वेगळं विचारा. एकाचा होकार दुसऱ्याला चालवू नका. तुम्ही स्वतः तिथं हजर असलात तरी विचारा. हजर असण्यानं कळतंच असं नाही, याची मी साक्षीदार आहे.

परवानगीचं तिनं असं ठरवलं: नाव, गाव न देता लिहायला हरकत नाही, फोटो लावायचा नाही. त्यालाही मी पुन्हा विचारलं, तो म्हणाला, तिनं सांगितलं तेच. म्हणून या लेखात फोटो नाही, आणि प्रबंधातही नसेल.

प्रकरण नव्यानं लिहायला घेतलंय. 'बॅटरी. १० मि. वाया.' ही डायरीतली ओळ जशीच्या तशी त्यात येणार आहे, 'वाया' या शब्दासकट.