रोखलेले बोट आणि रिकामी वर्दी

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद प्रा. ना. सी. फडके व श्री. वि. स. खांडेकर यांच्या नावांशी निगडित होऊन मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. या वादात कादंबरीकार आणि कवी यांची उलटतपासणी पुष्कळ झाली. परंतु ज्याची कला पहिल्या रेघेपासूनच दुसऱ्याच्या मागणीवर चालते, त्या मासिकांच्या आणि भित्तिपत्रकांच्या चित्रकारास साक्षीसाठी सहसा कोणी पाचारण केले नाही. वस्तुतः या प्रश्नाचा निवाडा करावयाचा तर त्याचीच साक्ष सर्वांत मोलाची ठरावी. म्हणून अमेरिकन चित्रकार जेम्स मॉन्टगोमेरी फ्लॅग याच्या कामगिरीचा थोडा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

फ्लॅगचा जन्म १८७७ सालचा. वयाच्या बाराव्या वर्षी त्याचे पहिले चित्र 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकाने विकत घेतले, आणि मिसरूड फुटण्याच्या वयात तो 'लाइफ' व 'जज' या विनोदी साप्ताहिकांचा चित्रकार झाला. पुढे कित्येक वर्षे उंच, डौलदार तरुणी, प्रेमकथांतील प्रसंग आणि थट्टेची व्यंगचित्रे त्याच्या हातून अखंड उतरत राहिली. त्याची शाईची रेघ जलद आणि निःशंक आहे. ती कोठे अडखळत नाही, मागे वळून पाहत नाही. हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. शंका घेणारी रेघ माणसाच्या चेहऱ्यात जे शोधून काढते, ते या रेघेस सापडत नाही. उलट जे सांगावयाचे आहे ते ती एका दृष्टिक्षेपात सांगून मोकळी होते. भित्तिपत्रकास असाच हात हवा असतो.

ज्या चित्राने त्याचे नाव जगभर झाले ते मुळात एका साप्ताहिकाचे मुखपृष्ठ होते. ६ जुलै १९१६ च्या 'लेस्लीज वीकली'वर ते छापले गेले, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. एप्रिल १९१७ मध्ये ती उतरली आणि त्याच चित्राखाली नवी अक्षरे आली : अमेरिकेच्या सैन्यासाठी मला तू हवा आहेस. युद्ध संपेपर्यंत त्याच्या चाळीस लाखांवर प्रती निघाल्या, आणि दुसऱ्या महायुद्धातही ते पुन्हा भिंतींवर चढले. कल्पना मात्र फ्लॅगची नव्हे. आल्फ्रेड लीट या इंग्रज चित्रकाराने ५ सप्टेंबर १९१४ च्या 'लंडन ओपिनियन'वर लॉर्ड किचनेर यांस असेच बोट रोखावयास लावले होते. हे किचनेर म्हणजे १९०२ ते १९०९ या काळातील हिंदुस्थानचे सरसेनापती. त्यांच्याशी झालेल्या बेबनावापायी १९०५ साली लॉर्ड कर्झन यांस व्हाइसरॉयपद सोडावे लागले, हे वाचकांस स्मरत असेलच.

बोटाची करामत साधी आहे. ते बाजूने न काढता टोकाकडून काढलेले असते. त्याची लांबी दिसत नाही, केवळ अग्र दिसते. त्यामुळे पाहणारा डावीकडे सरको वा उजवीकडे, ते त्याचा पिच्छा सोडीत नाही. लीटचे किचनेर हे खरोखरीचे युद्धमंत्री होते. फ्लॅगचा 'अंकल सॅम' हा काल्पनिक पुरुष. त्याला चेहरा हवा म्हणून फ्लॅगने आरशात पाहून स्वतःचाच घेतला. त्यावर पांढरी दाढी आणि चार सुरकुत्या चढविल्या. नमुन्यासाठी माणूस बसविण्याचा खर्च अशा रीतीने वाचविला, याबद्दल पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे विनोदाने कौतुकही केले. आम्हांस या गोष्टीत विनोदाहून अधिक काही दिसते. चाळिशीच्या उंबरठ्यावरील एक यशस्वी चित्रकार वृद्धाचे सोंग घेऊन विशीतल्या पोरांकडे बोट दाखवितो, आणि ते बोट अवघ्या राष्ट्राचे ठरते!

हेच चित्र मराठीत आणावयाचे तर पहिली अडचण पडेल ती 'तू' म्हणावे की 'तुम्ही', ही. इंग्रजी शब्द हा भेद झाकून टाकतो. मराठीस तो झाकता येत नाही. 'तुम्ही' म्हटले की विनंती होते, 'तू' म्हटले की घरातील कर्त्या पुरुषाचा हुकूम होतो. फ्लॅगच्या म्हाताऱ्याच्या भुवया पाहता तो 'तू'च म्हणत आहे, यात आम्हांस शंका नाही. शिवाय १८ मे १९१७ रोजी तेथे सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला आणि त्या युद्धातील निम्म्याहून अधिक अमेरिकन सैनिक त्या कायद्याने आले. म्हणजे बोट आर्जवाचे, पण त्यामागील हात कायद्याचा होता.

फ्लॅगने सरकारसाठी एकंदर ४६ भित्तिपत्रके केली. त्यांपैकी १९१८ सालच्या एकाविषयी वऱ्हाडच्या वाचकास विशेष कुतूहल वाटेल. घरोघरी भाजीपाला पिकवा, असे सांगणाऱ्या या चित्रात राष्ट्रध्वजाचे वस्त्र ल्यालेली एक तरुणी मुठीने बी फेकीत शेतातून चालली आहे. चित्र देखणे आहे. पण तिफणीमागे ओटीत बियाणे बांधून दिवसभर चालणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्यास ही तरुणी शेतातली वाटणार नाही. ती मासिकाच्या पानावरून उठून, ध्वज पांघरून वावरात आली आहे. तिच्या पायांस माती लागलेली दिसत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. युद्धकाळात चार्ल्स डाना गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली चित्रकारांचे जे मंडळ सरकारसाठी राबत होते, त्यातील चित्रकार मोबदला घेत नसत. मासिकांसाठी मात्र फ्लॅगने सदैव रोख पैसे मोजून घेतले. आणि तरीही पैशासाठी काढलेल्या चित्रांत तो मोकळा आहे; तेथे तो हसतो, चिडवितो, पाहणाऱ्यास आपल्या मतासाठी जागा ठेवतो. देशासाठी फुकट काढलेल्या चित्रांतच तो जखडलेला आहे. तेव्हा कलेचे पारतंत्र्य मोबदल्यात असते, हा आपला रूढ समज तपासून पाहण्याजोगा आहे.

आपल्याकडचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी आयुष्यभर मागणीबरहुकूम कामे केली : पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके. महायुद्ध पेटले त्याच १९१४ साली किंकेड यांचे 'डेक्कन नर्सरी टेल्स' हे आपल्या कहाण्यांचे इंग्रजी पुस्तक त्यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. त्यांची चित्रे 'पहा' म्हणतात. फ्लॅगचे बोट 'चल' म्हणते. दोघेही मागणीचे चित्रकार. भेद आहे तो पाहणाऱ्यास दिलेल्या स्थानाचा. एकाने त्यास रसिक मानले, दुसऱ्याने शिपाई.

याच युद्धात हिंदुस्थानातही भरतीची भित्तिपत्रके लागली. त्यांतील उर्दू मजकुराचे एक फार बोलके आहे. त्यात एक वर्दी, एक बंदूक आणि रुपये एवढेच आहे. हे कोण घेईल, असा प्रश्न, आणि जो तत्काळ भरती होईल तो, असे उत्तर. वर्दीत माणूसच नाही! अमेरिकन तरुणास निदान राष्ट्र नावाच्या आजोबाने डोळ्यांत पाहून हाक मारली. हिंदी तरुणास केवळ सौदा दाखविला. शिपाई द्यावयाचे तर हक्कही मिळावेत, हे लोकमान्यांचे म्हणणे होते. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांस ते पुरतेपणी मांडूही दिले गेले नाही आणि ते सभात्याग करून निघून गेले. त्या रिकाम्या वर्दीत जे नव्हते, तेच ते मागत होते.

आज अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी खेड्यांतील मुले आम्ही पाहतो. त्यांतील काही आमच्या वर्गात बसतात. त्यांना कोणाच्या बोटाची गरज नाही. कोरडवाहू कपाशीचा बेभरवसा आणि महिन्याच्या ठराविक पगाराची ओढ हीच त्यांची हाक होय. त्यांच्या दृष्टीने ते हिंदी भित्तिपत्रक फ्लॅगच्या चित्राहून ओबडधोबड असले तरी अधिक प्रामाणिक ठरेल, असे आम्हांस वाटते. परंतु दोहोंतही एक उणीव सारखीच आहे. एकात बोलावणारा आहे, दुसऱ्यात कपडे आहेत. जाणारा मात्र दोहोंतही नाही. तो चित्रासमोर उभा आहे.

फ्लॅग १९६० साली वारला, तोवर सचित्र मासिकांची जागा छायाचित्रांनी घेतली होती. त्याच्या शेकडो खेळकर चित्रांपैकी आज सामान्य माणसास एकही आठवत नाही. ते बोट मात्र निवडणुकांच्या आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून अद्याप आपल्यावर रोखलेले असते. कारागिरी म्हणून त्याचे श्रेष्ठत्व आम्ही निःसंकोच मान्य करतो. तथापि टीकाकाराचे काम त्या बोटाचे नुसते कौतुक करण्याने संपत नाही. ते टोकाकडून कसे काढले आहे, त्यामागे चेहरा कोणाचा आहे आणि त्याच्याही मागे कोणता कायदा उभा आहे, हे समोरच्या तरुणास दाखविणे त्याच्याकडे येते. एवढे पाहून झाल्यावर ज्याला जावयाचे असेल त्याने खुशाल जावे. त्याचे जाणे मग त्याचे स्वतःचे असेल.