वेशीपर्यंतचं मत

गांधीवादावर बोलताना आपण गांधींवर तुटून पडतो. पण त्यांचा गावगाडा कलमवार मांडणारा माणूस आपल्या नजरेतून निसटतो. श्रीमन्नारायण अग्रवाल. जन्म १९१२, इटावा. वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजचे प्राचार्य, जमनालाल बजाजांचे जावई. १९४४ साली त्यांनी गांधीवादी आर्थिक योजना मांडली, १९४६ साली स्वतंत्र हिंदुस्थानसाठी गांधीवादी राज्यघटना. तिला खुद्द गांधींची प्रस्तावना.

माणूस अस्पृश्यता मानणारा नव्हे. सासऱ्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ सालीच अस्पृश्यांना खुलं केलेलं. पुढं त्यांनी स्वतःच्या नावामागचं 'अग्रवाल'ही सोडलं. पण आडनाव सोडता येतं, आपलं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते सोडता येत नाही. माझं भांडण ह्याच जागेवर आहे.

त्यांची योजना ३,५०० कोटींची, दहा वर्षांची. भांडवलदारांच्या बॉम्बे प्लॅनचा भर मोठ्या कारखान्यांवर. ह्यांना शेतकरी आणि कारागीर दिसला, हे मी मान्य करतो. पण कारागिराची जात दिसली नाही. गाव स्वयंपूर्ण करायचं म्हंजे मेलेलं ढोरही गावातच कुणीतरी ओढायचं. कुणी? बलुतं हीसुद्धा स्वयंपूर्णताच होती की! तिच्यात महाराच्या वाट्याला पसाभर धान्य आणि रात्रंदिवस वेठ आली. ती वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं होतं.

आता त्यांची घटना बघा. प्रौढांनी मत द्यायचं ते ग्रामपंचायतीला. तालुका, जिल्हा, प्रांत, देश ह्या वरच्या पंचायती खालच्यांनी निवडायच्या. म्हंजे तुमचं-माझं मत वेशीपर्यंत. वेशीच्या पुढं बोलणार पाटील.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये उलटा रस्ता दाखवला: जमीन सरकारच्या मालकीची, शेती सामुदायिक, कसायला देताना जातपात बघायची नाही. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी ठणकावलं की मसुद्यानं गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला, ह्याचा आपल्याला आनंद आहे.

गंमत अशी, की ह्याच एक-माणूस-एक-मताच्या घटनेवर श्रीमन्नारायण १९५२ साली वर्ध्यातून थेट लोकसभेत गेले. मग नियोजन आयोग, नेपाळात राजदूत, गुजरातचे राज्यपाल. १९७८ साली वारले. ह्यातली एकही खुर्ची ग्रामपंचायतीतली नव्हती.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायत राज घटनेत पक्कं केलं. पण तिन्ही पातळ्यांवरचे सभासद थेट मतानं, आणि आपल्याला राखीव जागा. गावाच्या भल्या मनावर ती जागा सोडलेली नाही, कायद्यानं बांधली आहे. तरी तामिळनाडूत मेलवळवू गावी राखीव जागेवर निवडून आलेल्या दलित पंचायत अध्यक्षासह सहा जणांना ३० जून १९९७ रोजी कापून काढलं. कायदा असून ही गत. कायदा नसता तर?

तेव्हा ग्रामस्वराज्यावर व्याख्यान द्यायला कुणी वस्तीत आलं तर त्याला चहा पाजा, नीट ऐकून घ्या. आणि मग विचारा: ह्या गावात सातबाऱ्यावर आमची किती नावं आहेत?