जिवाणू आरोपी की बघे? मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पुरावा तपासताना

आज फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लियाटम या जिवाणूची जरा उलटतपासणी घेऊ. राहतो आपल्या तोंडात, दातांवरच्या किटणात. 2011च्या शेवटी बॉस्टन आणि व्हँकुव्हर इथल्या दोन गटांनी एकाच वेळी सांगितलं, की मोठ्या आतड्याच्या गाठीत तो शेजारच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी जास्त सापडतो. तेव्हापासून त्याच्या नावावर ढिगानं निबंध निघाले, आणि मथळे तर विचारूच नका.

माझी तक्रार मथळ्यांबद्दल कमी आणि निबंधांबद्दल जास्त आहे. गाठीत जिवाणू सापडला, एवढ्यावरून त्यानं गाठ केली असं कसं म्हणायचं? गाठीचा आतला भाग ऑक्सिजनला पारखा असतो, आणि या जिवाणूला नेमकी तशीच जागा लागते. भिंत फुटकी, ओल आलेली, तिथं शेवाळ धरलं. भिंत शेवाळानं फुटली का?

आता जगण्या-मरण्याचा आकडा बघू. 2016 साली अमेरिकेतल्या 1,069 रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. साधारण 13 टक्के गाठींत हा जिवाणू होता. तो ज्यांच्यात भरपूर होता, त्यांचा या कर्करोगानं मरण्याचा धोका जिवाणू नसलेल्यांच्या 1.58 पट निघाला. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण त्याच्या शेजारी कंसात छापलेली खालची मर्यादा 1.04 आहे, ती कुणी वाचत नाही. 1.00 म्हणजे काहीच फरक नाही. संबंध आहे, पण त्यावर माडी चढवावी इतका भक्कम नाही.

2017मधलं काम मला जास्त पटतं. यकृतात पसरलेल्या गाठींमध्येही तोच जिवाणू जिवंत सापडला. माणसाची अशी गाठ उंदरात वाढवून मेट्रोनिडाझोल दिलं, तर तिची वाढ मंदावली. म्हणजे निदान उंदरात तरी हा नुसता बघ्या नाही. पण थांबा. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनविना जगणाऱ्या कितीतरी जिवाणूंना मारतं, एकट्या फ्युसोबॅक्टेरियमला नाही. आपल्याकडे ती जुलाबाची गोळी म्हणून घरोघरी ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: उंदरावरच्या प्रयोगावरून कुणी ती मनानं सुरू करू नये. केमो चालू असताना तर मुळीच नाही.

मग 2024 साली बेल्जियमच्या गटानं 589 जणांच्या विष्ठेचे नमुने तपासले. अन्न आतड्यातून किती वेळात सरकतं, आतड्याला सूज किती, वजन किती, हे सगळं हिशेबात घेतलं. आणि आपले नामांकित आरोपी मागे पडले! पार्विमोनास मायक्रासारखे काही मात्र टिकले. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण आधीच्या अनेकांनी ही बेरीज-वजाबाकी केलीच नव्हती. तरी एक गोष्ट विसरू नका. विष्ठेत काय आहे आणि गाठीत काय घर करून बसलंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

खरा ठसा सोडणारा जिवाणू दुसराच आहे. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. 2020 साली नेदरलँड्समध्ये आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे पाच महिने त्यांच्या संगतीत ठेवले, तेव्हा डीएनएवर एक ठराविक खूण उमटली, आणि तीच रुग्णांच्या गाठींतही मिळाली. 2025 साली 11 देशांतल्या 981 गाठींचं जनुकीय वाचन झालं. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा 3.3 पट अधिक होती. संशोधकांच्या मते ती बहुधा बालपणीच उमटते. म्हणजे गाठ सापडेपर्यंत जिवाणू कदाचित निघूनही गेलेला असतो. आता सांगा, रुग्णाच्या आजच्या विष्ठेत त्याला शोधून काय हाती लागणार?

त्या 11 देशांत भारत नाही. आपल्याकडे हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. पण तरुण रुग्ण इथल्या डॉक्टरांनाही भेटतात, आणि त्यांच्या गाठींत ती खूण किती आहे हे त्या अभ्यासातून कळत नाही. ‘आतड्याचं आरोग्य तपासा’ म्हणून नमुना मागणाऱ्या जाहिराती मात्र मराठीतही येऊ लागल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी तो अहवाल आणला, तर त्यातल्या जिवाणूंच्या यादीपेक्षा मी आधी एवढंच विचारीन: शौचातून रक्त जातंय का, आणि कोलोनोस्कोपी झाली का?