शंभरपैकी ८४

गेल्या वेळी आपण ह्यूमच्या अभिरुचीवरच्या निबंधापाशी थांबलो होतो. १७५७ सालचा निबंध. त्यातली पिंपाची गोष्ट आठवत असेल. दोन जाणकार वाइन चाखतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चामड्याची नाही, लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघते.

व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "सर, मी गेमची परीक्षणं वाचतो, ॲनिमेशनची वाचतो, अल्बमची वाचतो. तिन्हीकडे शेवटी एक आकडा असतो. पण माणसं भांडतात ती अगदी वेगवेगळ्या गोष्टींवरून. तुमची किल्ली एकच असेल, तर असं का?" प्रश्न इतका चांगला होता की आजचा ठरलेला विषय आम्ही बाजूला ठेवला आहे. संयोजकांनी क्षमा करावी.

एका अशा कृतीपासून सुरुवात करू, जी एकाच वेळी ॲनिमेशनही आहे आणि संगीतही. डिस्नेचा 'फँटेशिया' हा चित्रपट. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये तो प्रथम दाखवला गेला. लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीचं संगीतसंचालन, बाख, बीथोव्हन, स्ट्रॅव्हिन्स्की यांच्या रचना, आणि त्यांवर चितारलेली दृश्यं. बीथोव्हनच्या 'पास्टोरल' सिंफनीवर ग्रीक पुराणातले अर्धे घोडे, अर्धी माणसं असलेले सेंटॉर. स्ट्रॅव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'वर पृथ्वीची उत्पत्ती आणि डायनोसॉर.

आता गंमत पाहा. 'न्यूयॉर्क टाइम्स' या एकाच वृत्तपत्रात त्यावर दोघांनी लिहिलं. चित्रपट-समीक्षक बॉस्ली क्राउदर हरखून गेले; त्यांच्या मते काल रात्री सिनेमाचा इतिहास घडला होता. संगीत-समीक्षक ओलिन डाउन्स यांनी ध्वनीच्या गुणवत्तेचं कौतुक केलं, पण चित्रांमुळे मूळ रचनांवरून लक्ष उडतं, काही ठिकाणी त्यांना थेट इजाच होते, असं मत दिलं. शहर तेच, चित्रपट तोच. यातला कोण चुकला?

आमचं म्हणणं असं, की कुणीच नाही. दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. क्राउदर विचारत होते, चित्रपट नावाच्या माध्यमाला काय काय करता येतं? डाउन्स विचारत होते, या सुरांचं काय झालं? वादी आणि किल्ली एकाच पिंपात होत्या, म्हणून ह्यूमचे दोन्ही जाणकार खरे ठरले. इथे पिंपंच दोन आहेत.

यासाठी कांटकडे जावं लागतं. 'क्रिटीक ऑफ जजमेंट', १७९०. कांट सौंदर्याचे दोन प्रकार करतो. एक स्वायत्त, दुसरं परायत्त. घोडा, माणूस, इमारत यांना सुंदर म्हणताना ती वस्तू काय असायला हवी, कशासाठी आहे, याची कल्पना आपल्या मनात असतेच. देऊळ सुंदर, पण देऊळ म्हणून. हे परायत्त. उलट फुलं, वेलबुट्टी, शब्दांवाचूनचं संगीत, यांना असा कसला हेतू लागत नाही. हे स्वायत्त. आणि स्वायत्त सौंदर्याच्या यादीत कांट संगीतातल्या फँटेशियांचाही उल्लेख करतो, म्हणजे ठरावीक विषय न घेता केलेलं वादन! डिस्नेच्या मंडळींनी कांट वाचून नाव ठेवलं नसणार, पण योग मोठा सुरेख आहे. (कांटला स्वतःला संगीताचं प्रेम बेताचंच होतं. अत्तर लावलेला रुमाल खिशातून काढला की आजूबाजूच्यांना इच्छा नसतानाही वास घ्यावा लागतो, तसं संगीत शेजाऱ्यांवर लादलं जातं, अशी त्याची तक्रार होती. आमच्या सोसायटीतल्या गणपतीच्या दिवसांत आम्हाला ती पटते.)

ही विभागणी आपल्या तीन कलांना लावून पाहू.

संगीतात दाद आधी येते, कारण मागाहून. गायक समेवर येतो, मान हलते, 'वा' निघून जातं. का, ते घरी जाताना सुचतं, किंवा सुचतही नाही. आता कुणी म्हणेल, आमच्या विशारदच्या परीक्षेत गुण मिळतात की! मिळतात. स्वर शुद्ध आहेत का, ताल सुटला का, रागाचे नियम पाळले का, हे तिथे तपासतात, म्हणजे 'गाणं कसं असायला हवं' याची कल्पना आधी धरून. परायत्त निवाडाच तो. विशारद झालेला प्रत्येक जण आपली मान हलवेल असं नाही, हे परीक्षकही जाणतात.

ॲनिमेशनमध्ये आपण श्रम पाहतो. सेकंदाला २४ चौकटी, बाप रे, किती चित्रं काढली असतील! पण श्रम ही कसोटी धरली तर तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'चं काय करायचं? १९६३ साली टीव्हीवर आलेली ही मालिका, चित्रांच्या संख्येत मुद्दाम काटकसर केलेली. एकच चित्र तीन-तीन चौकटींना वापरायचं, कधी फक्त ओठ हलवायचे, बाकी सगळं स्थिर. डिस्नेच्या तराजूत ती हलकीच भरणार. पण स्थिर चित्र, नेमक्या जागी तोडलेलं दृश्य आणि आवाज यांतून जपानी ॲनिमेशनने स्वतःचं व्याकरण घडवलं, आणि ते वाचायला शिकल्याशिवाय त्याचा निवाडा होत नाही.

आणि गेम? इथे तर परीक्षकाचे हातच कृतीचा भाग होतात. आम्ही नातवाबरोबर एकदा बसलो. पहिल्याच पुलावर सात वेळा मेलो. आठव्यांदा त्याने रिमोट, म्हणजे कंट्रोलर, आमच्या हातातून हळूच काढून घेतला. आम्ही जर परीक्षण लिहिलं असतं तर ते गेमचं झालं असतं की आमच्या बोटांचं? कादंबरी वाचकाला पन्नासाव्या पानावर अडवून 'तुम्ही पुरेसे चपळ नाही' असं सांगत नाही.

शिवाय गेम हे एक यंत्रही आहे, आणि यंत्र बंद पडतं. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. आधी परीक्षकांना कॉम्प्युटरवरची आवृत्ती मिळाली होती, आणि आकडे छान आले. जुन्या प्लेस्टेशनवर मात्र तो इतका अडखळत होता की सोनीने काही दिवसांतच आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढच्या जूनमध्ये तो परत आला. परीक्षकाने पाहिलेली आणि गिऱ्हाइकाने विकत घेतलेली वस्तू एकच नव्हती.

आता आकड्याकडे येऊ, कारण इथे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. मेटाक्रिटिक ही साइट २००१ पासून निरनिराळ्या परीक्षणांचे गुण शंभरच्या मापात बसवून त्यांची सरासरी देते, आणि कोणत्या परीक्षणाला किती वजन दिलं ते सांगत नाही. २०१०मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनस मिळणार होता सरासरी ८५ झाली तर. झाली ८४. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने हे २०१२मध्ये जाहीरपणे सांगितलं.

तो एक गुण कुठे गेला असेल? हा गेम बाजारात आला तेव्हा त्यात बिघाड पुष्कळ होते आणि लेखन उत्तम होतं. एका परीक्षकाने यंत्र तपासलं, दुसऱ्याने कथा. दोन्ही उत्तरं प्रामाणिक. पण दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची सरासरी हे कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नसतं. भाजीचा भाव आणि आजचं तापमान यांची बेरीज करून दोनाने भागण्यासारखं आहे ते, आणि त्यावर कुणाचा तरी बोनस ठरतो!

संगीतातही आकडे आले आहेत. पिचफोर्क हे अमेरिकी नियतकालिक दहापैकी गुण देतं, दशांश चिन्हासकट. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी १९ अल्बमचे जुने गुण बदलले. डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी' ६.४ वरून थेट १० वर. लिझ फेअरच्या एका अल्बमला पूर्वी शून्य दिलं होतं, त्याचे ६ केले. याच्या शेजारी २०१६चा 'नो मॅन्स स्काय' हा गेम ठेवा. आला तेव्हा खेळणारे संतापले होते. बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यात भर घातली, दुरुस्त्या केल्या, आणि मत पालटलं. तिथे वस्तू बदलली. 'डिस्कव्हरी'मधला एक सूरही बदललेला नव्हता; बदलले ते ऐकणारे. पिचफोर्कवर तेव्हा पुष्कळ टीका झाली, पण आम्हाला त्या १९ दुरुस्त्यांत जो प्रामाणिकपणा दिसतो तो सरासरीत दिसत नाही. फक्त दशांश चिन्ह कशाला, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

जिन्यातल्या त्या मित्राने शेवटी विचारलं होतं, मग मी आकडा बघूच नको का? बघावा. पण ज्या दोन परीक्षणांत सर्वांत जास्त अंतर आहे ती दोन्ही उघडून वाचावीत, आणि दोघांनी स्वतःला कोणता प्रश्न विचारला ते शोधावं.

वेळ संपली. पुढच्या वेळी मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताकडे जायचं आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वं हलत्या चित्राला लागू पडतात का, ते पाहू. जमल्यास येण्यापूर्वी 'फँटेशिया'मधला 'पास्टोरल'चा भाग दोनदा पाहून या. एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून.