‘कासव’: जवळ राहून थोडं दूर

गेल्या वर्षी एक मित्र रोज रात्री फोन करायचा. ब्रेकअप, नोकरी, पुन्हा ब्रेकअप. दोन महिने मी ऐकलं, सकाळच्या मीटिंगमध्ये पेंगलो आणि एके दिवशी काही न सांगता त्याला म्यूट केलं. मनात म्हटलं, मी ‘बाउंड्री’ आखली. खरं तर मी पळालो होतो. हे कळलं ते सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१७) पुन्हा पाहताना.

या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यावरचा सिनेमा म्हणून तो ओळखला जातो. मला तो अंतर राखण्यावरचा वाटतो. जानकी (इरावती हर्षे) तापाने फणफणलेल्या एका अनोळखी मुलाला (आलोक राजवाडे) कोकणातल्या घरी आणते. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे. ती त्याला अंथरूण देते, जेवण देते, पण नाव-गावसुद्धा खोदून विचारत नाही. तो तुसडेपणाने वागला तरी ती त्याला हाकलत नाही आणि त्याच्या मागे मागेही करत नाही. नैराश्यातून ती स्वतःही गेलेली आहे. किती जवळ जायचं, हे तिला ठाऊक आहे.

दत्ताभाऊंचं (मोहन आगाशे) कासव संवर्धनाचं काम इथे शोभेपुरतं येत नाही. मादी वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परतते. माणसं ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखतात. पण पिल्लं बाहेर आली की त्यांना उचलून लाटेत टाकत नाहीत, पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. पुढचं अंतर ज्याचं त्याने कापायचं. राखणारा मात्र तिथेच उभा असतो. मी केलं त्यात नेमकं हेच नव्हतं.

एक तक्रार आहेच. जानकीकडे ऐसपैस घर आहे, गाडी आहे, राबायला यदू (किशोर कदम) आहे. शेअरिंगच्या वन बीएचकेत, उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्याने हे अंतर कुठून आणायचं? त्याला ते बोलूनच आखावं लागतं, आणि हे अवघड बोलणं सिनेमा फारसं दाखवत नाही.

ते मी करून पाहिलं. मित्राला फोन लावला, न सांगता गायब झाल्याबद्दल माफी मागितली आणि म्हणालो, “रोज नाही जमणार रे. पण रविवारी संध्याकाळी नक्की.”

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “किती वाजता?”