रुळाचा खिळा : सुधारणा नेमकी कशाची?

अमेरिकेत लाकडी स्लीपरवर रूळ ज्या खिळ्याने बसवतात, तो दिसायला अगदीच ओबडधोबड असतो. सुमारे ६ इंच लांबीचा, ५/८ इंच जाडीचा चौकोनी दांडा, खाली छिन्नीसारखी धार आणि वर एका बाजूला पुढे आलेले डोके. हे डोके रुळाच्या पसरट पायाच्या कडेवर येते. खिळ्याला आटे नाहीत, नट नाही, स्प्रिंग नाही. १८३० च्या दशकात तो वापरात आला आणि फारसा न बदलता आजही तिथल्या बहुतांश मालवाहतुकीच्या मार्गांवर तोच ठोकला जातो. या खिळ्यात सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. दातेरी, दुभागलेले, पिळाचे, आट्यांचे असे अनेक 'सुधारित' खिळे पुढे आले आणि त्यांवर पेटंटेही घेतली गेली. त्यांतले बरेचसे मागे का पडले, आणि जे टिकले त्यांनी कोणते नवे प्रश्न निर्माण केले, याची चिकित्सा आम्ही येथे करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या सुधारकांपैकी पुष्कळांनी उत्तर चांगले काढले, पण प्रश्नच चुकीचा घेतला.

आधी थोडा इतिहास. पसरट पायाचा रूळ आणि त्याला धरणारा आकडेवजा डोक्याचा खिळा यांचे श्रेय अमेरिकेच्या कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेचे अध्यक्ष रॉबर्ट स्टीव्हन्स यांना दिले जाते. १८३० साली इंग्लंडला जाताना जहाजावरच त्यांनी या रुळाचा आकार ठरवला, असे सांगतात. त्या काळी इंग्लंडमध्ये रूळ ओतीव लोखंडाच्या बैठकीत बसवीत. अमेरिकेत लोखंड महाग आणि लाकूड मुबलक, म्हणून बैठक गाळून रूळ सरळ लाकडावर ठेवणे आणि खिळे ठोकणे हा मार्ग सोयीचा होता. खिळे यंत्राने बनवण्याचे तंत्र ट्रॉय गावच्या हेन्री बर्डन यांनी विकसित केले. त्यावरून पेटंटाचे खटले झाले आणि त्यांतला एक १८५२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे खिळा चांगला की वाईट यापेक्षा तो कोणी बनवावा, यावरच अधिक शाई खर्ची पडली.

जाता जाता एक गोष्ट. १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रॉमॉन्टरी येथे अमेरिकेचा खंडपार लोहमार्ग जोडला गेला, तेव्हा 'सोन्याचा खिळा ठोकला' असे मुलांच्या पुस्तकांत हमखास असते. त्या स्लीपरला आधीच भोक पाडून ठेवले होते, खिळा त्यात नुसता सोडला आणि नंतर काढूनही घेतला. सोने हा मऊ धातू. खरोखर घण घातला असता तर त्याचे काय झाले असते, हा प्रश्न धातूंचे गुणधर्म शिकवताना वर्गात विचारण्याजोगा आहे.

आता मूळ मुद्दा. खिळा पाहिल्यावर कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, तो उपटायला किती बल लागते? सुधारकांनीही हाच प्रश्न घेतला. हे बल मोजणे सोपे आहे. लाकडात खिळा ठोका, यंत्राने वर ओढा आणि आकडा वाचा. इलिनॉय विद्यापीठाने १९०६ साली रेल्वेच्या खिळ्यांच्या धारणशक्तीवर एक स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. अशा चाचणीत आट्यांचा खिळा साध्या खिळ्याहून बराच सरस ठरतो, आणि त्यात नवल काहीच नाही.

दातेरी खिळ्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. साधा खिळा लाकडात शिरताना त्याची छिन्नीसारखी धार लाकडाच्या तंतूंना आडवी ठेवतात. धार तंतू तोडते आणि तुटलेली टोके खाली वाकून खिळ्याच्या अंगाला दाबून बसतात. धार तंतूंच्या दिशेने ठेवली तर ती पाचरीसारखे काम करते आणि स्लीपर उभा चिरतो. वाकलेल्या तंतूंचा दाब आणि त्यातून येणारे घर्षण हीच साध्या खिळ्याची खरी पकड. दातेरी खिळा आत जातानाच हे तंतू फाडतो. म्हणजे पकड वाढवण्यासाठी जे दाते केले, तेच पकडीचे मूळ साधन नष्ट करतात.

पण गाडी खिळ्याला सरळ वर ओढते का? येथे थोडे भौतिकशास्त्र पाहिले पाहिजे. रूळ हा लवचीक आधारावर ठेवलेला लांब दांडा आहे, असे मानून त्याचे गणित करता येते. विंकलर या जर्मन अभियंत्याने १८६७ साली मांडलेली ही कल्पना आजही वापरात आहे. चाक जिथे टेकते तिथे रूळ खाली दबतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्या चाकापासून काही अंतरावर रूळ किंचित वर उचलला जातो, हे मात्र सहसा ठाऊक नसते. आधार स्प्रिंगसारखा दोन्ही दिशांनी काम करतो असे धरले, तर ही उचल चाकाखालच्या दाबाच्या सुमारे ४.३ टक्के येते. जड मालगाडी आणि चांगला मार्ग यांचे नेहमीचे आकडे घातले, तर चाकाखाली साधारण ३ मिलिमीटर दाब आणि तिथून साडेतीन मीटरच्या आसपास ०.१३ मिलिमीटर उचल मिळते. खडी स्लीपरला खाली ओढून धरीत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ती यापेक्षा अधिकही असू शकते. इंजिनाच्या पुढे आणि प्रत्येक डब्याच्या दोन बोगींच्या मधल्या भागात ही लाट रुळातून धावत असते. शंभर डब्यांची एक गाडी गेली की एकाच खिळ्यापाशी रूळ निदान शंभर वेळा उचलला जाऊन खाली बसतो.

वर्गात हे सहज दाखवता येते. ६० सेंटिमीटरची पातळ स्टीलची पट्टी जाड, मऊ स्पंजावर ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. पट्टीची दोन्ही टोके स्पंजापासून सुटून वर आलेली दिसतील. एका टोकावर दुसऱ्या बोटाने हलकेच दाब ठेवून मध्ये पुन्हा पुन्हा दाबले, तर वर ढकलणारे बलही जाणवते.

आता खिळा अगदी घट्ट ठोकला आहे असे समजा. लाट आली की रूळ त्याचे डोके वर ढकलणार. लाट गेल्यावर रूळ खाली बसतो, पण खिळ्याला परत खाली ढकलणारे कोणीच नाही. तो सूतभर वर आलेला तसाच राहतो. असे होत होत, रूळ जेवढा उचलला जातो तेवढी फट पडली की खिळा थांबतो. तिथले अनुभवी कामगार डोके आणि रूळ यांत मुळातच थोडी फट ठेवतात, ती याच कारणाने. आणि खिळा इतका घट्ट केला की तो वर येऊच शकत नाही, तर लाट मग स्लीपरलाच खडीवरून उचलू पाहते आणि चाक आले की तो खाली आपटतो. म्हणजे ज्या ढिलेपणाला दोष म्हणून सुधारक दूर करायला निघाले, तो बऱ्याच अंशी त्या रचनेचा भागच होता. रुळात प्रत्यक्ष काय घडते याची पद्धतशीर मोजमापे आर्थर टॅलबट यांच्या समितीने केली आणि १९१८ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. टॅलबट हे त्याच इलिनॉय विद्यापीठाचे. पण तोवर 'उपटण्याचे बल' हीच चांगल्या खिळ्याची कसोटी म्हणून रूढ होऊन गेली होती.

मग खिळ्याचे खरे काम कोणते? मुख्यतः आडवे. वळणावर चाकाची कड रुळाला बाहेर ढकलते आणि दोन रुळांतले अंतर वाढू पाहते. खिळ्याचा दांडा त्याला अडवतो. त्यातही बराचसा भार रूळ आणि स्लीपर यांमधल्या लोखंडी बेअरिंग प्लेटखालचे घर्षण पेलते, कारण चाकाचे वजन नेमके त्याच वेळी प्लेटला दाबून धरीत असते. रूळ लांबीच्या दिशेने सरकू नये हे काम साधा खिळा जवळजवळ करीतच नाही. त्यासाठी रुळाच्या पायाला अँकर नावाचा चिमटा लावतात आणि तो स्लीपरच्या अंगाला टेकतो.

साध्या खिळ्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. दमट हवेत त्याच्याभोवतीचे लाकूड कुजते. अंतर नीट करण्यासाठी तो काढून पुन्हा ठोकला की भोक मोठे होते आणि पकड जाते. तीव्र वळणावर रूळ कलंडू लागला तर तो फारसा उपयोगी पडत नाही. हे दोष खरे आहेत. प्रश्न आहे तो त्यांवरच्या उपायांचा.

खरी वेगळी वाट काढली ती नॉर्वेच्या पेर पांडे-रॉल्फसेन यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी वाकवलेल्या पोलादी दांड्याची स्प्रिंगसारखी क्लिप तयार केली. तिचे 'पाँड्रोल' हे नाव त्यांच्याच आडनावावरून आले. आपल्याकडे काँक्रीटच्या स्लीपरवर रुळाच्या दोन्ही अंगांना जी वळणदार क्लिप दिसते ती याच कुळातली. भारतीय रेल्वेच्या मार्क-३ क्लिपचे टोक रुळाच्या पायावर ८५० ते ११०० किलोग्रॅम इतका भार देते, आणि त्यासाठी ती बसवताना सुमारे १३ मिलिमीटर वाकते. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. रूळ ०.१३ मिलिमीटर उचलला गेला तर क्लिपचा भार जेमतेम एक टक्क्याने बदलतो. ती रुळाबरोबर हलते, पण त्याला सोडत नाही. शिवाय क्लिप ज्यात अडकते तो लोखंडी तुकडा काँक्रीटमध्येच ओतून बसवलेला असतो, त्यामुळे त्याचे उपटणे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. गंजून ती आपल्या जागी घट्ट अडकते, म्हणून वेळोवेळी काढून ग्रीस लावावे लागते, हा तिचा दोष. समुद्राकाठच्या मार्गांवर तो अधिक जाणवतो.

हीच क्लिप अमेरिकेत लाकडी स्लीपरवर आणली गेली तेव्हा मात्र चित्र बदलले. क्लिपने रूळ आणि प्लेट एकजीव केली. प्लेट मात्र खाली लाकडाला खिळ्यांनी किंवा स्क्रूंनीच बसवलेली. आता लाट आली की रुळाबरोबर प्लेटही उचलली जाते. प्लेट उचलली की तिच्याखालचे घर्षण जाते, आणि आडवा व लांबीच्या दिशेचा भार सगळा खिळ्याच्या दांड्यावर येतो. अँकर काढून टाकलेले असतील तर तो आणखीच वाढतो. दांडा पुढे-मागे वाकत राहतो, धातूला थकवा येतो आणि तो तुटतो. कुठे? स्लीपरच्या पृष्ठभागाखाली साधारण दीड इंचावर, लाकडाच्या आत. वरून पाहिले तर डोके जागच्या जागी. जुना खिळा वर येऊन आपले दुखणे गस्तीवरच्या माणसाला दाखवीत असे. हा तुटतो आणि दिसत नाही.

३ जून २०१६ रोजी ओरेगॉन राज्यातील मोझियर गावाजवळ खनिज तेलाची गाडी वळणावर घसरली. १६ टँकर रुळावरून उतरले आणि आग लागली. प्लेट स्लीपरला धरून ठेवणारे स्क्रू तुटलेले होते, असे तिथल्या सरकारी तपासात आढळले. उपटण्याच्या चाचणीत साध्या खिळ्याला सहज हरवणारे असेच हे स्क्रू.

आमच्या मते दोष स्क्रूचा नाही आणि क्लिपचाही नाही. एकेक भाग सुटा सुधारण्याच्या पद्धतीचा आहे. आपल्या विज्ञान प्रदर्शनांतही 'सुधारित' वस्तू मांडताना विद्यार्थी एकच आकडा वाढवून दाखवतात, आणि परीक्षकही तोच पाहतात. तो भार आधी कोण पेलत होते आणि आता कोणावर गेला, हे विचारले जात नाही.

मोझियरनंतरच्या संशोधनाचा रोख बदललेला दिसतो. लाकडातल्या खिळ्यावर लांबीच्या दिशेने किती भार येतो, प्लेट केव्हा उचलली जाते आणि घर्षण किती उरते, याची मोजमापे झाली. त्यात आघाडीवर पुन्हा इलिनॉय विद्यापीठच आहे. त्यातून निघालेला एक उपाय अगदी साधा आहे. स्क्रूच्या डोक्याखाली जाड स्प्रिंग-वॉशर घालतात. रूळ उचलला गेला तरी वॉशर प्लेटला स्लीपरवर दाबून ठेवतो, घर्षण टिकते आणि स्क्रूच्या दांड्यावरचा भार कमी होतो.