ग्रामगीतेतील धर्मविचार आणि ग्रामशासन : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : किन्हीराजा परिसर, जि. वाशीम)

बीजसंज्ञा : ग्रामगीता, धर्म, ग्रामशासन, ग्रामसभा, धर्मनिरपेक्षता, सार्वजनिक जीवन

प्रस्तावना :

धर्म आणि शासनसंस्था यांच्या परस्परसंबंधाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ते २८ च्या अनुषंगाने केली जाते. एस. आर. बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये धर्मनिरपेक्षता हा राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे स्पष्ट केले. हा निर्णय महत्त्वाचा आहेच. तथापि ही सर्व चर्चा संसद, न्यायालय आणि राज्य शासन यांच्या पातळीवर घडते. खेड्यातील माणसाला शासनाचा पहिला अनुभव येतो तो ग्रामपंचायतीत, आणि धर्माचा पहिला सार्वजनिक अनुभव येतो तो गावच्या देवळात, सप्ताहात व यात्रेत. या दोहोंमध्ये येणारी माणसे एकच असतात. त्यामुळे धर्म व शासन यांच्यातील सीमारेषेचा प्रश्न गावपातळीवर अधिक सूक्ष्म आणि अधिक अवघड होतो.

या प्रश्नाचा थेट विचार करणारा मराठीतील एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांची 'ग्रामगीता' होय. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ४१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ विदर्भात आजही पोथीप्रमाणे वाचला जातो. त्यावरील बहुतेक लेखन गौरवपर आहे. गौरव अनाठायी नाही. परंतु ज्या ग्रंथाचा आधार शासन आपल्या योजनांसाठी घेते, त्याची चिकित्साही व्हावयास हवी. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव या चिकित्सेसाठी दृष्टिबिंदू म्हणून घेतले आहे. याच तालुक्यात शिरपूर (जैन) हे वादग्रस्त ठरलेले तीर्थक्षेत्र असून याच जिल्ह्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. ग्रामगीतेतील विचार प्रत्यक्षात कोठवर टिकतो, हे पाहण्यास हा परिसर उपयुक्त आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ग्रामगीतेतील धर्मसंकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) ग्रंथाची रचना आणि ग्रामसभेची कार्यपद्धती यांची तुलना करणे.
३) परिसरातील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे या विचाराच्या सामर्थ्याचा व मर्यादांचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत लेखासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. हा क्षेत्रीय सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास नाही. त्यामुळे किन्हीराजा येथील ग्रामस्थांच्या मतांविषयी यात कोणतेही विधान केलेले नाही.

१. धर्माचे स्थलांतर : देवळातून गावात

ग्रामगीता ग्रामदेवतेला अर्पण केलेली आहे आणि ही ग्रामदेवता म्हणजे गाव हेच होय. ईश्वराला मूर्तीत न शोधता गावाच्या समग्र जीवनात शोधावे, ही या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका आहे. या एका बदलाने धर्मकर्तव्यांची सारी यादीच बदलते. रस्ता झाडणे, विहीर स्वच्छ ठेवणे, मुलीला शिकविणे, तंटा मिटविणे ही कामे पूजेच्या जागी येतात. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, महिलोन्नती, सण-उत्सव, यात्रा-मेळे अशा विषयांना स्वतंत्र अध्याय देऊन तुकडोजी महाराजांनी आध्यात्मिक ग्रंथाच्या चौकटीत ग्रामप्रशासनाची जणू कार्यसूचीच तयार केली आहे.

या भूमिकेचे सामर्थ्य तिच्या नकारांत अधिक दिसते. चमत्कार करणारा तो संत ही समजूत ग्रंथकर्ता नाकारतो. प्रारब्धाच्या नावाखाली दारिद्र्य सोसण्याची वृत्तीही तो नाकारतो. अस्पृश्यता आणि खर्चिक रूढी यांवर तो कठोर टीका करतो. ही टीका धर्माबाहेरून आलेली नाही; खंजिरीवर भजन गाणाऱ्या साधूने ती केली आहे, म्हणूनच ती सामान्य ग्रामस्थाला ऐकावीशी वाटली. महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. जी गोष्ट कायद्याच्या कक्षेत येण्यास इतका काळ लागला, तिच्यासाठी लोकमत तयार करण्याचे काम ग्रामगीतेने सुमारे सहा दशके आधी हाती घेतले होते. हे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे.

मात्र येथेच पहिला प्रश्न उद्भवतो. ग्रामस्वच्छता हे जर धर्मकर्तव्य असेल, तर ते न करणारा मनुष्य केवळ बेजबाबदार नागरिक राहत नाही, तो अधर्मी ठरतो. नागरी कर्तव्याला धर्माचे बळ मिळाले की त्या कर्तव्यात कसूर करणाऱ्यावरील नैतिक दबावही वाढतो. ग्रामगीतेचा भर समजावणीवर व प्रेमावर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु गावाचा नैतिक दबाव हे दुधारी शस्त्र आहे. त्याच दबावाने जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकले. त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. गावाच्या एकमुखी इच्छेविरुद्ध एकट्या माणसाला संरक्षण कोण देणार, याचे उत्तर ग्रामगीतेत पुरेसे मिळत नाही.

२. ओवी, श्रोता आणि ग्रामसभा

या उणिवेचा संबंध ग्रंथाच्या रचनेशी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ग्रामगीता ही ज्ञानेश्वरी व दासबोध यांच्या परंपरेतील रचना आहे. वक्ता बोलतो, श्रोता शंका विचारतो, वक्ता तिचे निरसन करतो. ही पद्धती लोकशिक्षणासाठी अत्यंत परिणामकारक आहे. श्रोत्याची शंका खरी असते आणि ती आदराने ऐकली जाते. परंतु अखेरीस प्रत्येक शंकेचे समाधान होते. समाधान न झालेला श्रोता या रचनेत शिल्लक राहत नाही.

ग्रामसभेचे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती यांनी घडविलेल्या ग्रामसभेत अंतिम उत्तर देणारा वक्ता नसतो. तेथे ठराव मांडला जातो, त्याला विरोध होऊ शकतो आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदविता येतो. समाधान न झालेल्या माणसालाही पुढच्या सभेत येण्याचा तोच अधिकार असतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आणि पंचायतींतील महिलांसाठीचे ५० टक्के आरक्षण यांमागेही हेच तत्त्व आहे. सर्वांसमोर जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी वेगळी जागा करून द्यावी लागते. पोथीच्या श्रवणात जमलेला समुदाय आणि ग्रामसभेत जमलेला समुदाय बाहेरून सारखाच दिसला, तरी पहिल्याचे ध्येय एकमत हे असते आणि दुसऱ्याचे ध्येय मतभेदासह निर्णय हे असते.

अनेक गावांत सभेसाठी सोयीची जागा म्हणून देवळाच्या सभामंडपाकडे पाहिले जाते. त्यामागे बहुधा कोणताही हेतू नसतो. तथापि त्या मंडपात पाऊल ठेवताना ज्याला संकोच वाटतो, तो नागरिक सभेपूर्वीच अल्पमतात गेलेला असतो. धर्म आणि शासन यांच्या संबंधाचा प्रश्न गावात असा बसण्याच्या जागेपासून सुरू होतो.

३. १९५५ आणि १९५६ : विदर्भातील दोन उत्तरे

ग्रामगीता प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन घटना एकाच प्रदेशातील असूनही त्यांचा एकत्र विचार क्वचितच केला जातो. वास्तविक दोघांच्या विचारात एक महत्त्वाचे साम्य आहे. धर्म ही केवळ खाजगी बाब आहे, असे दोघेही मानत नाहीत. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी धर्म वैयक्तिक असतो, तर धम्म मूलतः सामाजिक असतो, असा भेद केला आहे. माणसामाणसांतील योग्य व्यवहार हा धम्माचा गाभा होय. ग्रामगीतेचा आचारधर्म या विचारापासून फार दूर नाही.

भेद आहे तो गावाविषयीच्या श्रद्धेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेडे हा राज्यघटनेचा घटक मानण्यास ठाम नकार दिला होता. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते आगर आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. तुकडोजी महाराजांना हे दोष दिसत नव्हते असे नाही. त्यांचा अर्धा ग्रंथ या दोषांवरच आहे. परंतु त्यांच्या दृष्टीने गाव हे बिघडलेले कुटुंब होते आणि कुटुंब सुधारता येते. डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याचे ते कुटुंब कधी नव्हतेच. एकाने गावाला देवत्व दिले, तर दुसऱ्याने व्यक्तीला हक्क दिले. ग्रामपंचायतींची स्थापना अनुच्छेद ४० द्वारे मार्गदर्शक तत्त्वांत आली आणि व्यक्तीचे हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात राहिले. घटनेतील ही मांडणी या वादाचेच एक उत्तर आहे, असे म्हणता येईल.

४. शिरपूर : दोन्ही पक्ष श्रद्धाळू असताना

ग्रामगीतेतील संघर्ष बहुधा सज्जन आणि दुर्जन, सुधारक आणि रूढिग्रस्त यांच्यात असतो. परंतु दोन्ही पक्ष प्रामाणिक श्रद्धाळू असतील तर काय? याचे उदाहरण किन्हीराजाच्याच तालुक्यात आहे. शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरातील पूजेविषयी श्वेतांबर व दिगंबर या जैन संप्रदायांत १९०५ मध्ये वेळापत्रकाचा करार झाला. पुढे मूर्तीच्या लेपावर कटिसूत्र व लंगोट यांच्या खुणा असाव्यात की नसाव्यात, यावरून वाद पेटला. १९१० मध्ये दावा दाखल झाला. अकोला, नागपूर असा प्रवास करीत तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि १९२९ मध्ये निकाल लागला. व्यवस्थापनाचा अधिकार श्वेतांबरांकडे आणि ठरलेल्या वेळेनुसार पूजेचा अधिकार दिगंबरांना, असा त्याचा सारांश होता. तरीही वाद मिटला नाही. १९८१ पासून बंद असलेले हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये उघडले.

अहिंसा आणि अनेकांतवाद यांचा वारसा सांगणाऱ्या दोन संप्रदायांमधील हा वाद आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. धर्माचा खरा अर्थ कळला की तंटे मिटतात, या ग्रामगीतेतील विश्वासाची येथे कसोटी लागते. येथे प्रश्न धर्माचा अर्थ न कळण्याचा नव्हता. तो दोघांना दोन प्रकारे कळला होता. अशा वेळी कोणता अर्थ खरा, हे सांगणे शासनाचे काम नाही. दोघांनाही मूर्तीपुढे उभे राहता येईल अशी वेळ ठरवून देणे व ती पाळली जाईल हे पाहणे, इतकेच त्याचे काम आहे. हे काम नीरस असले तरी धर्मनिरपेक्ष शासनाचे मर्म त्यातच आहे. त्याचबरोबर चार दशकांचे कुलूप ही तटस्थता नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. कुलुपाने शांतता राखली. न्याय मात्र लांबणीवर टाकला.

५. शासन, संतनामे आणि तीर्थक्षेत्रे

महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला संत गाडगेबाबांचे आणि स्वच्छ गाव स्पर्धेला तुकडोजी महाराजांचे नाव दिले. २००५ मध्ये अमरावती व नागपूर विद्यापीठांचाही अनुक्रमे या दोन संतांच्या नावाने नामविस्तार झाला. यात आक्षेपार्ह काही नाही. उलट शासनाला धर्मपरंपरेतील विवेकी प्रवाहाशी नाते जोडता आले, हे चांगलेच झाले. परंतु नाव घेताना विचार गाळला जाण्याचा धोका असतो. गाडगेबाबांचा झाडू शासनाने स्वीकारला. देवळापेक्षा धर्मशाळा आणि शाळा यांना अग्रक्रम देणारी त्यांची दृष्टी मात्र तीर्थक्षेत्र विकासाच्या आराखड्यांत तितक्या ठळकपणे दिसत नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ज्या समाजाला इंग्रजी राजवटीने संशयाच्या नजरेने पाहिले आणि ज्याच्या इतिहासाला पाठ्यपुस्तकात फारसे स्थान मिळाले नाही, त्याच्या वारशासाठी सार्वजनिक निधी खर्च होणे समर्थनीय आहे. असा खर्च वारशासाठी झाला की मतांसाठी, हे ठरविण्याचा निकष ग्रामगीतेतूनच घेता येतो. यात्रेचे रूपांतर लोकशिक्षणात व्हावे, अशी तुकडोजी महाराजांची अपेक्षा होती. यात्रेकरू निघून गेल्यावर तांड्यात शाळा, पाणी आणि ग्रंथालय किती उरले, हा तो निकष होय.

निष्कर्ष :

१) ग्रामगीतेने धर्माला देवळातून गावाच्या व्यवहारात आणले आणि अंधश्रद्धा, दैववाद व अस्पृश्यता यांविरुद्ध धर्माच्याच भाषेत लोकमत घडविले.
२) ग्रंथाची संवादरचना एकमताकडे नेणारी असल्याने मतभेद असणाऱ्या व्यक्तीच्या संरक्षणाचा विचार त्यात अपुरा राहतो. ही उणीव राज्यघटना आणि ग्रामसभेची कार्यपद्धती भरून काढतात.
३) शिरपूरसारख्या वादात शासनाने धर्मार्थ सांगण्याऐवजी न्याय्य कार्यपद्धती राबविणे आणि ती वेळेत राबविणे आवश्यक आहे.
४) संतांच्या नावाने चालणाऱ्या योजनांचे मूल्यमापन त्या संतांच्याच निकषांवर व्हावे.

समारोप :

धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करणे ग्रामीण महाराष्ट्रात शक्य नाही आणि ग्रामगीता वाचल्यावर ते इष्टही वाटत नाही. परंतु धर्माने माणसाला सेवेची प्रेरणा द्यावी आणि शासनाने प्रत्येक माणसाला, त्याची श्रद्धा कोणतीही असो, सारखीच जागा द्यावी. ही दोन कामे परस्परपूरक असली तरी एक नव्हेत. किन्हीराजासारख्या गावात सकाळी पोथी ऐकणारा आणि दुपारी ग्रामसभेत हात वर करणारा मनुष्य एकच असतो. पोथी त्याला गावावर प्रेम करावयास शिकविते. त्या गावाशी असहमत होण्याचा त्याचा अधिकार ग्रामसभेने जपला पाहिजे. ग्रामगीतेच्या अध्यापनात हा दुसरा भागही आला, तर त्या ग्रंथाला दिलेला तो अधिक खरा आदर ठरेल.